शेवटच्या पानावरची व्यंगपट्टी: ठाण्यातल्या एका साप्ताहिकासाठी केलेल्या कामाच्या नोंदी

सोमवार, २ जून २०२५

अंक शनिवारी निघतो. शेवटचं पान गुरुवारी दुपारी बंद होतं आणि छपाईची प्लेट त्याच रात्री निघते. पट्टीची फाइल बुधवारी संध्याकाळी पानं लावणाऱ्या ऑपरेटरकडे गेली पाहिजे, म्हणजे वाचकाच्या हातात पडेपर्यंत विषय तीन दिवस शिळा. ताज्या बातमीवरची कोटी तोवर सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरून आलेली असते. बातमीच्या मागे धावण्यात अर्थ नाही. आपला माल म्हणजे लोकांच्या सवयी: लिफ्ट, पार्किंग, टँकर, उलट्या बाजूने घुसवलेली स्कूटर, शुभेच्छांचे फ्लेक्स.

जागा ठरली: पानाच्या तळाला २४ सेंमी रुंद, ७.५ सेंमी उंच. मूळ चित्र दीडपट, म्हणजे ३६ × ११.२५ सेंमी. ए-थ्री कागदावर एकाखाली एक अशा दोन पट्ट्या आरामात बसतात. दुप्पट आकारात काढायला हात मोकळा मिळतो, पण ४८ सेंमीची पट्टी ए-थ्रीवर मावत नाही आणि निम्म्यावर आणताना बारीक रेषा मरतात.

दोन चौकटींमधली फट छापून ३ मिमी, मूळ चित्रात ४.५. तीन चौकटी घेतल्या तर प्रत्येकी ११.७ सेंमी, चार घेतल्या तर साधारण ८.७. नेहमीसाठी तीन. चौथी फक्त तेव्हाच, जेव्हा मध्ये एक मुकी चौकट लागते. चौथी चौकट बहुतेक वेळा लेखकाला आपला विनोद समजावून सांगायला हवी असते.

बुधवार, ४ जून

साहित्य: ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत ब्रिस्टल बोर्ड, कच्च्या रेखाटनाला फिकट निळी पेन्सिल, पक्क्या रेषेला पिगमेंट शाईची पेनं, काळ्या भरणीला वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक आणि २ नंबरचा ब्रश.

पेनाची जाडी छापील आकारावरून ठरवायची. ०.२५ मिमीची रेषा दीडपटीतून खाली आली की ०.१७ होते, न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्री कागदावर, ती टिकते. ०.२० ची रेषा ०.१३ वर येते आणि तुटक छापते. म्हणून ०.२५च्या खालचं पेन टेबलावर ठेवायचंच नाही. माणसांच्या बाह्यरेषेला ०.४५, चेहऱ्याच्या आतल्या रेषांना ०.३५, मागच्या इमारतींना ०.२५. मागचं बारीक, पुढचं जाड एवढं पाळलं तरी घोडबंदर रोडच्या टॉवरांच्या गर्दीत माणूस हरवत नाही.

शनिवार, ७ जून

अक्षरांचा दिवस. सगळं गणित इथे अडतं.

क्रम पक्का: आधी अक्षरं, मग संवादाचा फुगा, मग माणसं. उलट केलं की शेवटचा शब्द कोणाच्या तरी टकलावर चढतो.

देवनागरीची ओळ तीन मजली. शिरोरेषेपासून पायापर्यंत ४.५ मिमी धरले, वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार यांना २ मिमी, खाली उकाराला आणि पाय मोडायला २ मिमी, आणि दोन ओळींत अर्धा. एक ओळ ९ मिमी. तीन ओळी २७ मिमी, म्हणजे चौकटीच्या उंचीचा पाव भाग. चौथी ओळ आली की उंचीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला आणि माणसं छातीपर्यंतच दिसू लागली. हातात काय धरलंय, पायात चप्पल आहे की नाही, हे दिसेनासं होतं. आणि आपल्याकडे अर्धा विनोद चपलेतच असतो.

आडवं गणित: छोट्या चौकटीत फुग्याची आतली रुंदी ७ सेंमी. अक्षर सरासरी ५ मिमी. ओळीला चौदा अक्षरं, म्हणजे तीन-चार शब्द. तीन ओळींत दहा-बारा. चौकटीला बारा शब्द, त्यावर एकही नाही. ही मर्यादा मोठ्या चौकटीलाही लागू, तिथे उरलेली जागा चित्राची.

शिरोरेषा अक्षरं झाल्यावर शेवटी ओढायची, उभ्या दांड्याइतक्याच जाडीने. जाड झाली की वरची मात्रा तिला चिकटते आणि ‘मेला’चा ‘मला’ होऊ शकतो. क्ष, ष्ट, द्व, ह्य यांच्या आतली पांढरी जागा मुद्दाम मोठी ठेवायची, कारण शाई पसरून सगळ्यात आधी तीच बुजते. ओळ संपते म्हणून शब्द तोडायचा नाही, वाक्य बदलायचं.

संवाद हाताने, पण पाट्या, नोटिसा, ग्रुपवरचे मेसेज टाइपात. हाताचं अक्षर माणसाचं, टाइप व्यवस्थेचा, हा फरक वाचकाला न सांगता कळतो. टाइप घेताना सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘मराठी’ निवडायची, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आणि ‘येणाऱ्या’, ‘दुसऱ्या’ हे शब्द टाइप करून डोळ्यांनी बघायचे. काही फॉन्टांत ऱ्य मोडतो आणि तो मोडलेला सोसायटीच्या नोटिशीत छापला गेला तर लोक तो विनोद समजतात.

मंगळवार, १० जून

काल सकाळी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. पहिल्याच अंकासाठी लोकलच्या गर्दीवरची पट्टी शाईपर्यंत पोचली होती: दारात लटकलेला माणूस आणि त्याच्या बॅगेला लटकलेला दुसरा. काढून ठेवली. पुढे ढकललेली नाही, रद्द.

कारण फक्त औचित्याचं नाही. पट्टीचा रोखच चुकीचा माणूस होता. लटकणारा हौसेने लटकत नाही, त्याला आत जागा नसते. रोख धरायचा तर प्लॅटफॉर्मवरच्या उद्घोषणेवर: रिकाम्या आवाजात ‘कृपया दारात उभे राहू नका’ आणि खाली दरवाजाच दिसत नाही इतकी माणसं. तीही आत्ता नको.

यातून एक कामाची सोय: कायम दोन पट्ट्या शाई करून, स्कॅन करून राखीव ठेवायच्या. विषय असे की कोणत्याही आठवड्यात चालतील. बुधवारी संध्याकाळी पट्टी मागे घ्यावी लागली तर पान रिकामं राहत नाही आणि घाईत काहीबाही जात नाही.

शनिवार, १४ जून

पात्रं चार. सोसायटीचे सेक्रेटरीकाका, घरकामाला येणाऱ्या सुमनमावशी, गेटवरचा वॉचमन, आणि नववीतली ओवी. ठिकाण एकच: मानपाडा ते गायमुख यांच्या दरम्यानचा कुठलाही टॉवर. ‘चिंटू’ १९९१ साली ‘सकाळ’मध्ये सुरू झाला, त्यात माणसं आणि घर कायम, म्हणून रोज ओळख करून देण्यात चौकट खर्च होत नाही. आपल्याला आठवड्यातून एकच दिवस मिळतो, आपल्याला तर ते जास्तच हवं.

ओवी बोलणार नाही. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ दशकानुदशकं गप्प राहिला आणि म्हणूनच समोरच्याचं बोलणं उघडं पडलं. बघणारं एक पात्र चौकटीत असलं की टिप्पणी करायची गरज राहत नाही. अट एवढीच की तिने डोळे मोठे करायचे नाहीत, भुवया उडवायच्या नाहीत. चेहरा कोरा.

रेखाटनात एक आळस सर्रास दिसतो: सेक्रेटरीचा चेहरा स्वच्छ पांढरा आणि कामवाल्या बाईच्या गालावर आडव्या-तिडव्या रेषांची छाया. छाया उजेड कुठून येतो त्यावर पडते, पगारावर नाही. दोघं एकाच खिडकीखाली उभे असतील तर दोघांच्या एकाच गालावर.

बोलीचंही तसंच. वॉचमन हिंदी बोलत असेल तर नीट हिंदी लिहायची, मोडकं मराठी त्याच्या तोंडी घालून हशा घ्यायचा नाही. आगरी वाक्य आलं तर ते आगरी घरातल्या माणसाने वाचल्याशिवाय शाईला जाणार नाही.

शुक्रवार, २० जून

टँकरची पट्टी. बाहेर धो धो पाऊस आणि गेटवर टँकर, हे घोडबंदर पट्ट्यात कोणाला नवं नाही.

पहिला मसुदा: टॉवरवर ‘लेकव्ह्यू’ची पाटी, सेक्रेटरीकाका म्हणतात, “तलाव दिसतो, पण पाणी दिसत नाही.” कोटी बरी आहे आणि तेच तिचं दुखणं. कोणी खरा माणूस टँकरसमोर उभा राहून असं बोलत नाही. तो भाषणाचा आवाज आहे.

दुसरा: टँकरवाला पैसे मोजतो, काका घाम पुसतात. यात काहीच घडत नाही.

पक्का: पहिली चौकट, पाऊस, ‘लेकव्ह्यू’ची कमान, टँकर आत वळतोय. दुसरी, छत्री मानेत धरून वॉचमन व्हिजिटर रजिस्टर उघडतो आणि ड्रायव्हरला विचारतो, “किसके यहाँ?” तिसरी, ड्रायव्हर खिडकीतून वर, सगळ्या मजल्यांकडे बघत, “सबके यहाँ.” सगळे मिळून चार शब्द.

रजिस्टर हवंच. वही लांब, दोरीला बांधलेला बॉलपेन, रकाने: नाव, फ्लॅट, वेळ, सही. ते नीट काढलं नाही तर प्रश्न हवेत राहतो. पावसाच्या रेषा फक्त मागच्या भागात, ०.२५ने, तिरक्या, वहीवरून आणि अक्षरांवरून एकही जाऊ द्यायची नाही.

बुधवार, २५ जून

स्कॅनिंग. ए-फोर स्कॅनरवर ३६ सेंमी मावत नाही, दोन तुकड्यांत करायचं. जोड चौकटींच्या फटीत येईल असे तुकडे पाडायचे, म्हणजे रेषेवर सांधा दिसत नाही. दोन्ही वेळा बोर्ड स्कॅनरच्या एकाच कडेला टेकवायचा, नाहीतर अर्ध्या अंशाचा तिरकेपणा राहतो आणि चौकटींच्या वरच्या कडा पायरीसारख्या दिसतात.

६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), रंगीत मोडमध्ये. मग लाल, हिरवा, निळा या तीन थरांपैकी फक्त निळा, म्हणजे निळं चॅनल, ठेवायचं: निळी पेन्सिल त्यात जवळजवळ पांढरी होते, खोडरबर लागत नाही. खोडलं की शाई फिकी पडते, म्हणून हा खटाटोप. त्यानंतर थ्रेशोल्ड लावून शुद्ध काळं-पांढरं. छापील आकारावर आणलं की रेझोल्यूशन ९०० होतं, वर्तमानपत्री कागदाला पुरेसं. जेपेग नाही, रेषेच्या कडेला धुरकट ठिपके येतात. एक-बिट टिफ, म्हणजे ज्यात ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा, अशी फाइल.

प्रेसमध्ये पानं अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर लागतात. आपला मजकूर तिथे पेस्ट केला की अक्षरांचा पालापाचोळा. म्हणून पट्टीतलं एकही अक्षर मजकूर म्हणून जात नाही, सगळं चित्रात.

बुधवार, २ जुलै

चाचणी छपाईचे कागद बघून:

करड्या छटा बाद. दहा टक्क्यांची छटा उडून गेली, सत्तरच्या वरची काळी झाली, मधली डागाळली. ४५ जीएसएमचा कागद शाई पितो आणि प्रत्येक ठिपका फुगतो. छाया हवी तिथे समांतर रेषा, मूळ चित्रात दोन रेषांत निदान ०.६ मिमी मोकळे. त्याहून दाट केलं की गिचका.

मोठी काळी भरणी जपून. सेक्रेटरीकाकांचा पूर्ण काळा सफारी समोरच्या पानावर उमटला. सफारीला आता उभ्या रेषा. आणि पट्टीच्या बरोबर मागे, आतल्या पानावर, काळ्या पार्श्वभूमीची जाहिरात आली तर ती आरपार दिसते आणि फटी मळक्या वाटतात. ऑपरेटरला सांगून ठेवलं की तिथे छोट्या जाहिराती लावाव्यात.

रजिस्टरच्या रकान्यांची नावं वाचता आली नाहीत, पण ते चालतं. वही आहे हे कळलं.

शनिवार, ५ जुलै

खड्डे. वापरून गुळगुळीत झालेल्या कल्पना आधी फळ्यावर लिहून काढल्या: खड्ड्यात मासे, खड्ड्यात होडी, खड्ड्यात झाड, चंद्रावरचा माणूस, ‘खड्ड्यात रस्ता’. यातलं काही आलं की पट्टी बाद.

ठरलं ते असं: सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येणारा स्कूटरवाला आणि त्याला समोरून धडकता धडकता थांबलेला दुसरा, तोही बाजू सोडूनच. मध्ये खड्डा, दोघं एकाच वेळी म्हणतात, “लोकांना शिस्तच नाही!” एकाच फुग्याला दोन शेपट्या. चित्रात दिशा कळायला दुभाजकावरचा बाण आणि तिसऱ्या, सरळ जाणाऱ्या बसची मागची बाजू लागते. बस नसेल तर उलटं कोण तेच कळत नाही.

शनिवार, १२ जुलै

लिफ्टची पट्टी, आत्तापर्यंतची सगळ्यात कामाची.

पहिली चौकट फक्त नोटीस, टाइपात: ‘घरकाम करणाऱ्या व डिलिव्हरी करणाऱ्या व्यक्तींनी मुख्य लिफ्ट वापरू नये. – सेक्रेटरी.’ नोटिशीची भाषा ओढूनताणून विनोदी करायची नाही. खरी नोटीस जशी असते तशीच, वर किंचित वाकडी लावलेली, कोपऱ्यात सेलोटेप. चौकटीला बारा शब्दांत बसायला ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ कापलं. दुसरी चौकट मुकी: लाईट गेलेत, मुख्य लिफ्टचा आकडा विझलेला, काका दोन पिशव्या घेऊन. तिसरी: जनरेटरवर चालणारी सर्व्हिस लिफ्ट उघडी, आत सुमनमावशी आणि डिलिव्हरीचा मुलगा, मावशींचं बोट बटणावर, “कितवा मजला, काका?”

आधी मावशींच्या तोंडी होतं, “आता कशी आमची लिफ्ट आठवली?” टाळ्यांचं वाक्य आहे. पण ज्या बाईला याच इमारतीत चार घरची कामं टिकवायची आहेत ती असं बोलत नाही, आणि ती बोलली की काका सुटतात, कारण मग हिशेब फिटतो. साध्या, रोजच्या वाक्याने तो फिटत नाही.

सजावटीच्या गोष्टी: डिलिव्हरीच्या मुलाच्या पाठीवर चौकोनी पिशवी, कोरी. मावशींच्या हातात छत्री आणि मोबाइल. ‘कामवाली’ दाखवायला झाडू देणं हा शॉर्टकट आहे, झाडू लिफ्टमधून कोणी घरोघर नेत नाही. लिफ्टचं दार अर्धं उघडं, बटणाला धरून ठेवलेलं, म्हणजे तिने त्यांच्यासाठी थांबवलंय हे दिसतं. नोटीस तिसऱ्या चौकटीत पुन्हा, काकांच्या मागे, अक्षरांऐवजी नुसत्या रेघा.

मंगळवार, २२ जुलै

कायदेशीर तपासणीची यादी, शाई करण्याआधी बघायची.

सरकारी कागद दाखवायचा तर त्यावर राजमुद्रा काढायची नाही. तिच्या अनुचित वापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. नुसता गोल शिक्का आणि आत वाकड्या रेघा पुरतात. महापालिकेचं बोधचिन्हही नको.

बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६. ओळखू येईल असा खासगी माणूस, खरी सोसायटी, खऱ्या टॉवरचं नाव, गाडीचा खरा नंबर, काही नाही. एमएच-०४ पर्यंत चालतं, पुढचे आकडे झाडाआड.

हक्क: चित्रकार नोकरीत नसेल तर करारात मुदत आणि प्रदेश लिहायचे. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. मूळ बोर्ड चित्रकाराचा, हे वेगळं लिहायचं.

गुरुवार, ३१ जुलै

दहीहंडीचा अंक रंगीत. रेषा आणि अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर, शंभर टक्के, बाकीच्या रंगांवर ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरून छापलेली. चार रंगांचा मिळून काळा केला की प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला लाल-निळी सावली येते. रंग सपाट, उतरते नकोत. कुठल्याही जागी चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज २४०च्या आत.

सोमवार, ११ ऑगस्ट

दहीहंडी शनिवारी, अंकही शनिवारी. विषय हंडी नाही, फ्लेक्स.

सगळ्यात वरचा गोविंदा थरावरून विचारतो, “हंडी कुठंय?” खालून उत्तर, “फ्लेक्सच्या मागं!” फ्लेक्सवर चाळीसेक चेहरे लागतात. छापून एकेक चेहरा ५-६ मिमीचा: लंबगोल, गॉगल, मिशी, जोडलेले हात, बस. नाक काढायला गेलं की शाई भरते. चेहरे पुढे मोठे, मागे लहान असा क्रम मात्र पाळायचा. फ्लेक्सवर कोणाचा फोटो केवढा यातच सगळं राजकारण असतं.

फ्लेक्सचा रंग हा खरा प्रश्न. भगवा, हिरवा, निळा, काहीही दिलं तरी वाचक पक्ष लावून मोकळा होतो आणि पट्टी एकाच पक्षावर जाते. फिकट जांभळा दिला. गॉगलवाल्यांत एकही ओळखीची दाढी नाही, हे दोघांनी स्वतंत्र बसून तपासलं.

थर काढताना खालच्या थरात माणसं जास्त, पाय रुंद, पाठी वाकलेल्या. नुसते उभे पुतळे एकावर एक रचले तर ते थर वाटत नाहीत, आणि ठाण्यात ही चूक शाळकरी पोरंही दाखवतात.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

फाइलींची नावं: वर्ष-महिना-तारीख, विषय, आकार. प्रत्येकीच्या तीन प्रती: रेषा, रंग, छापायला गेलेली. छापील अंकाचं कात्रण बोर्डाच्या मागे चिकटवायचं, कारण शाई कुठे भरली ते स्क्रीनवर दिसत नाही.

राखीवमध्ये नवी मुंबईची एक पट्टी: खाडीकाठच्या होर्डिंगवर ‘फ्लेमिंगो व्ह्यू, टू बीएचके’, आणि होर्डिंगच्या मागून माना उंचावून पलीकडचं पाणी शोधणारे पक्षी. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला, त्याची पाटी आणि ही पाटी एकाच चौकटीत घ्यायची कल्पना आहे. पक्षी थंडीत येतात, म्हणून नोव्हेंबरनंतरच छापायची. चोच मधून खाली वळलेली हवी, सरळ काढली की बगळा होतो. आणि पायाचा सांधा पुढे नाही, मागे मोडतो; नेरुळ-सीवूड्सची माणसं दरवर्षी कॅमेरे घेऊन तिथे उभी असतात, त्यांच्या नजरेतून हे सुटणार नाही.